फुलोऱ्यात आलेलं पोर

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला गणिताचा एक पेपर माझ्या मानगुटीवर बसला होता. तो सुटला नाही तर ईयर डाऊन, आणि ईयर डाऊन म्हणजे आमच्या गावातल्या, पेठमधल्या, प्रत्येक चहाच्या टपरीला आठवडाभर पुरेल एवढा विषय. त्यात आमच्या हॉस्टेलात झोपणं हे कमकुवत मनाचं लक्षण. एका हुशार मित्राने मला जागं ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, म्हणजे सगळ्यांकडे होत्या.

पेपरच्या आधी घरी आलो, तेव्हा ते पाकीट दादांच्या, म्हणजे वडिलांच्या हाती लागलं. आता कानाखाली बसणार, या तयारीत मी उभा राहिलो. पण दादांचा जन्म टोमॅटोवर फवारण्या करण्यात गेलेला. त्यांनी पाकीट उलटसुलट करून आधी एक्सपायरी पाहिली.

"टॉनिक हाय का?"

"तसंच."

"मग चुकवू नको. फुलोऱ्यात हयगय केली की फळ धरत न्हाई."

झालं! आमच्याकडे देव चुकेल, फवारणी चुकणार नाही. आई दूध आणि गोळी घेऊन वेळेवर हजर. मला डुलकी लागली की "डोस कमी पडतोय" म्हणून आणखी एक. शेजारचे काका माझे लाल डोळे कौतुकाने बघून गेले आणि जाताना दहावीतल्या मुलीसाठी कंपनीचं नाव विचारून गेले.

पेपरला सगळ्यांत आधी पुरवणी मीच मागितली. घंटा झाल्यावर पानं उलटली, तर पहिल्याच प्रश्नाचं उत्तर मी सुवाच्य अक्षरात पुन्हा पुन्हा लिहून ठेवलं होतं. उत्तर बरोबर होतं, हे विशेष.

वर्ष गेलं, हे तिथेच कळलं. घरी येऊन उरलेल्या गोळ्या फेकल्या, अंथरुणावर पडलो, आणि झोप येईना. दुसऱ्या दिवशीही येईना. छाती धडधडत होती. मला भीती वाटत होती, लहान पोराला वाटते तशी साधी भीती. शेवटी दादांसमोर रडलो.

"दादा, मला नुसतं झोपायचंय."

त्यांचा चेहरा उतरला. कधी नव्हे तो त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मोटारसायकलची किल्ली उचलली.

"घाबरू नको. ह्याच्यावर बी मारायला कायतरी असंलच की."

मला हसू यायला हवं होतं, निदान राग तरी. मी म्हणालो, "लवकर आणा."