साडूंची फाइल सिस्टिम

अख्ख्या जालना जिल्ह्यात कॉम्प्युटर घाबरला म्हणून टेबलफॅन त्याच्याकडे वळवून स्वतः घामाघूम बसणारा माणूस एकच, आणि तो माझा साडू आहे. मंठ्याला राहतात. पाटबंधारे खात्यात नकाशे काढून रिटायर झाले आणि पाठोपाठ माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे त्यांची बायको, आमच्या अक्का, गेल्या. मुलगी परदेशात. अशा वेळी माणसं देवळात जातात, कुंड्यांना पाणी घालतात. साडूंनी कॉम्प्युटरच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, स्वतःची फाइल सिस्टिम लिहायला घेतली. म्हणजे काय ठेवलं, कुठं ठेवलं, आणि मागितल्यावर ते बराबर काढून कसं द्यायचं, हे यंत्राला शिकवायचं. घरात मात्र त्यांना सुईदोरा सापडत नसे. ते खातं अक्कांकडे होतं.

शिकवायला कोणी नव्हतं. इंग्रजी पानं डिक्शनरी घेऊन वाचायचे. जराशी चूक झाली की अख्खं यंत्र थिजायचं आणि पडद्यावर 'पॅनिक' उमटायचं. "घाबरलंय बिचारं, जरा बसू द्या," म्हणत ते पंखा फिरवायचे. मग मला जालन्याला फोन. "कर्नल पुन्हा बिघडला!" हे इतक्या मोठ्यांदा सांगायचे, की शेजारच्या काकूंनी एकदा मला विचारलं, "फौजेतलं हाये का हो कुणी तुमच्या नात्यात?" मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. मी नुसतं "मंग?" म्हणायचो. तेवढ्या आधारावर ते तासभर बोलायचे.

हसनाबादच्या एका लग्नात, पंगतीत, त्यांनी नवरदेवाच्या मामांना गाठलं. "नाव येगळं, वस्तू येगळी. नाव पुसलं तरी वस्तू जात न्हाई, जोवर तिला कुणी धरून हाये." मामांनी जिलबी खाली ठेवली आणि चक्क पाया पडले. साडू हिरमुसले. "प्रवचन न्हाई हो, फाइलचा प्रोग्राम सांगून राह्यलो." त्यांना पाया पडणारा नको होता, एखादी शंका विचारणारा हवा होता.

परवा दुपारी फोन आला. "जल्दी या. झालं."

वाटूरमार्गे मंठ्याला पोचलो. त्यांनी चहा दिला आणि मला खुर्चीत बसवलं. "लिहा कायबी." मला काही सुचेना. 'चहा छान झालाय,' असं टाइप केलं. त्यांनी ते सेव्ह केलं, यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. पडद्यावर पुन्हा तेच: चहा छान झालाय.

साडू बघतच राहिले. "लई दिवसांनी कुणी म्हणलं," एवढंच बोलले.

मी विचारलं, "मंग आता संपलं काम?"

"न्हाई. फाइल पुसायचं तेवढं लिहायचं राह्यलंय."

"टाका की लिहून."

"लिहू," ते म्हणाले, "जल्दी काय हाये?"

आणि आणखी चहा टाकायला उठले. माझी परतीची गाडी एव्हाना सुटली होती. ते दोघांनाही ठाऊक होतं.