वाळूवरच्या चपला

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, रविवारी विहारात माझ्या शेजारी मांडी घालून बसणाऱ्यांना तर नाहीच. एका व्यक्तीला सांगायची गरज पडली नाही — तिला सगळं माहीत आहे. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखत असतात तरी तुमच्या मताची मी पर्वा केली नसती. कोणाच्याच मताची मला कधी पर्वा नव्हती. — बघा, सुरुवातीलाच एक थाप मारून झाली.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. म्हणजे आयुष्यभर पाण्याचा पगार खाल्ला. धरणाची पातळी नोंदवली, कालव्याच्या कडेने मोटरसायकल फिरवली, रात्रीतून पाणी वळवणाऱ्यांना दम दिले. आणि मला पोहता येत नाही. नुसतं पोहता येत नाही असं नव्हे, कमरेएवढं पाणी आलं की मी काठाकडे परत फिरतो. खात्यात हे कोणाला कळलं नाही, कारण पातळी काठावरूनही वाचता येते. होडीतून जायची वेळ आली की मी हाताखालच्या माणसाला पाठवायचो, आणि तो ओलाचिंब परत आला की त्याच्या अक्षराला नावं ठेवायचो. सगळे मला कडक साहेब म्हणायचे. भित्रा माणूस कडक झाला की कोणी त्याच्या जवळ येऊन बघत नाही, एवढंच त्याचं रहस्य.

माझी बायको विमल पवनारची. धाम नदीच्या काठावर वाढलेली. तिच्या मामाच्या वावरातल्या विहिरीत पाणी स्वच्छ राहावं म्हणून एक कासव सोडलेलं होतं, आणि भावंडांबरोबर ती त्या विहिरीत उड्या मारायची. लग्नानंतर पहिल्या वर्षात तिने मला त्या कासवाची गोष्ट चारदा सांगितली असेल. मी तिला म्हणालो, कासवापलीकडे काही आहे का तुझ्याकडे बोलायला? पाचव्यांदा तिने सांगितली नाही. ती सातवी शिकलेली, मी डिप्लोमावाला. तिच्या बोलण्याची मी चारचौघांत नक्कल करायचो आणि लोकांना वाटायचं, नवराबायकोची थट्टा चालली आहे. थट्टा नव्हती ती. मला ती खरोखरच कमी वाटायची. हेही आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

सात वर्षांपूर्वी, मी निवृत्त झालो तेव्हा, पुण्याच्या मुलाने आम्हा दोघांसाठी कोकणची सहल ठरवून दिली. मालवणच्या खाली एक छोटं गाव, समुद्राला लागून खोली. सकाळी होडीतून दोन तास फिरायचं, समुद्री कासवं बघायची, आणि ओहोटी असेल तर कड्यातल्या गुहांमध्येही होडी जाते — असं त्याने फोनवर सांगितलं. पैसे भरून झाले होते. मी होडीचं ऐकलं आणि तिथल्या तिथे नाही म्हणायला हवं होतं. पण पाण्याच्या खात्यातला माणूस मुलाला काय सांगणार?

सकाळी किनाऱ्यावर गेलो. आमच्याबरोबर कोल्हापूरकडचं एक कुटुंब होतं — पाच जण, पाचांच्या डोक्यावर सारख्या रंगाच्या टोप्या. आणि एक नवं जोडपं, ज्यांना कासवापेक्षा स्वतःचेच फोटो काढायचे होते. मी त्यांच्याकडे बघून मनातल्या मनात हसत होतो. असलं हसू मला फार उपयोगी पडतं, भीती वाटायला लागली की ते आपोआप येतं. होडी गुडघाभर पाण्यात उभी होती. सगळ्यांनी चपला वाळूवर काढल्या, नारिंगी जाकिटं चढवली आणि एकेक जण चढला. विमल तर साडी खोचून सगळ्यांच्या आधी पुढच्या फळीवर जाऊन बसली होती. होडीवाल्याने मला हात दिला. मी एक पाय आत टाकला.

होडी हलली. हलणारच, ती होडी होती. पण माझ्या तोंडून एक आवाज निघाला — कसला ते मी तुम्हाला सांगणार नाही, बकरं ओढून नेताना करतं तसा काहीसा. आणि मी दोन्ही हातांनी होडीवाल्याच्या गळ्याला मिठी मारली. तो बिचारा माझ्या मुलाच्या वयाचा. कोणी हसलं नाही. टोपीवाल्या बाईने तर मान वळवून घेतली. मला वाटतं, मी तिला तेवढ्यासाठी आजही माफ केलेलं नाही.

मी पाय काढून घेतला आणि मोठ्याने म्हणालो, "हिला मळमळतंय. आम्ही दोघं थांबतो."

विमलने माझ्याकडे पाहिलं. मग साध्या आवाजात म्हणाली, "मले काई नाई होऊन राह्यलं. तुमी बसा काठावर. मी पाहून येतो."

होडी गेली. दोन तास मी वाळूवर बसलो. भरती येईल म्हणून चपला उचलून वर आणल्या, आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून त्या ओळीत लावल्या. माझा धरून नऊ जोड. होडी लांब जाताना मी मोबाइलवर तिचा एक फोटो काढला होता — पुढच्या फळीवर विमल, नारिंगी जाकीट, पदर वाऱ्यावर. ती परत यायच्या आधी मी तो पुसून टाकला. का? तेव्हा मी काहीच ठरवलेलं नव्हतं. पण हाताला बहुतेक आधीच माहीत होतं.

ती परत आली तेव्हा कमरेपर्यंत भिजलेली होती आणि तिचा चेहरा — मी तो चेहरा लग्नानंतर पाहिलेलाच नव्हता. सांगायला तिने तोंड उघडलं. मी म्हणालो, चल, जेवणाची वेळ गेली. ती पदर पिळायला लागली. मला एवढं बरं वाटलं म्हणून सांगू.

परतीच्या गाडीत समोरच्या बाकावर अकोल्याची एक बाई होती. दुपारची वेळ. मी डोळे मिटून खिडकीला टेकलो, आणि मी झोपलो असं समजून विमल त्या परक्या बाईला सगळं सांगायला लागली. "आमच्या मामाच्या इहिरीत व्हतं ते ताटाएवढं. हे तं पराती‌एवढं, ताई. मायाजवळ वर आलं, मुंडकं काढलं, अन् श्वास सोडला, बुढ्या माणसावानी. मंग मायाकडं पाह्यलं अन् गेलं खाली. मले वाटलं, बापा, एवढ्या पाण्यात याले सोबत नाई कोणाची." मी झोपेचं सोंग घेऊन ऐकत होतो. एकेक शब्द साठवत होतो. पाण्याचा रंग, कासवाच्या पाठीवरचं शेवाळ, कड्याजवळ गेल्यावर इंजिन बंद करून वल्ह्याने होडी आत नेली ते. मग ती म्हणाली, "अन् गुहेत गेलो तं काय पाह्यलं म्हणता—" आणि तेवढ्यात चहावाला ओरडत आला. त्याच्या आरोळीखाली तिचं वाक्य गेलं. समोरची बाई मात्र गालावर हात ठेवून ऐकत राहिली. मला उठून विचारता आलं असतं. पण मी झोपलेलो होतो ना?

घरी वर्ध्याला पोचलो त्या संध्याकाळी कॉलनीतले चारपाच जण अंगणात आले. रिकामटेकडे, दुसऱ्याच्या प्रवासावर स्वतःचा चहा वसूल करणारे. त्यांनी विचारलं, कासव दिसलं का? आणि मी सांगायला लागलो. पराती‌एवढं, म्हणालो. बुढ्या माणसासारखा श्वास सोडतं, म्हणालो. सगळे कान देऊन बसले. आयुष्यात मी बोलताना माणसं पहिल्यांदाच पुढे सरकून बसली होती, आधी ती नेहमी मागे सरकायची. कोणीतरी विचारलं, वहिनींना भीती नाही का वाटली? इथे मी थांबू शकलो असतो. 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "ही कसली चढते होडीत! पाय टाकला आणि ओरडली. वाळूवर बसून सगळ्यांच्या चपला सांभाळल्या."

काय हसले सगळे. शेजारच्या वहिनी तर डोळे पुसत म्हणाल्या, "काऊन वो विमलताई, एवढ्या लांब जाऊन चपलाच पाह्यल्या काय?"

विमल कपांचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग म्हणाली, "नऊ जोड व्हते." आणि आत गेली.

तिने खोटं काहीच सांगितलं नाही, लक्षात घ्या. नऊच होते.

त्यानंतर मी कासवाचा माणूस झालो. कॉलनीत कोणाकडे पाहुणा आला की मला बोलावणं यायचं. सिंदीच्या एका शाळेत मुलांपुढे बोललो, समुद्राची सफर या विषयावर, शाल आणि नारळ घेऊन. तिथे एका मुलीने हात वर करून विचारलं, "सर, गुहेत काय होतं?" मी म्हणालो, अंधार. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अंधारालाही टाळ्या देणारी माणसं आहेत आपल्याकडे. मला त्यांची कीव आली — म्हणजे मी तसं स्वतःला सांगितलं. इकडे विमलला कॉलनीतल्या बायका चपलावाली म्हणायला लागल्या. विहाराच्या दारात चपलांचा ढीग पडला की कोणीतरी हमखास म्हणायचं, ताईले सांगा पाह्यले. ती हसायची. सात वर्षं हसली. घरात मला एका शब्दाने बोलली नाही, आणि मी तिच्या त्या गप्प बसण्याचा अर्थ असा लावला की तिला फारसं काही वाटत नसावं. सोयीचा अर्थ लावण्यात मी खात्यातही हुशार होतो.

यंदाच्या उन्हाळ्यात नात आली, नऊ वर्षांची. पुण्यात ती पोहायला शिकते. विमल तिला घेऊन दिवसभर पवनारला माहेरी गेली आणि आजी-नात धामच्या डोहात मनसोक्त डुंबून आल्या. संध्याकाळी अंगणात नेहमीची मंडळी बसलेली. कोणीतरी चपलांचा विषय काढला, आणि नात उभी राहून म्हणाली, "पण आजी तर नदीत उलटी पडून तरंगते! मग ती होडीला कशी घाबरेल?"

पोरीचं गणित अगदी सरळ होतं. एक एक मान आधी विमलकडे वळली आणि मग, हळूहळू, माझ्याकडे. माझ्या हातात पाण्याचा पेला होता. एक वाक्य बोलायचं होतं मला. विमल वाट बघत होती — हे मी शपथेवर सांगतो, ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिने मला पुरेसा वेळ दिला. मी पाणी प्यायलो. पूर्ण पेला, शांतपणे.

मग ती नातीला जवळ ओढून म्हणाली, "हो माय. मले भेव लागलं व्हतं. लय मोठं पाणी व्हतं ते."

नातीने आजीकडे पाहिलं तेव्हा तिच्या डोळ्यांतून काहीतरी उतरलं. सकाळी डोहात पाहिलेली आजी तिथेच लहान झाली. विमललाही ते दिसलं. मंडळी पुन्हा हसायला लागली, विषय बदलला, आणि मी दुसरा पेला मागितला.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही विहारात गेलो. पांढरी साडी, पांढरा सदरा, आम्ही दोघं नेहमीसारखे भिंतीकडेला. सगळ्यांबरोबर एका आवाजात पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं शील खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. ते आलं आणि माझ्या डाव्या बाजूचा आवाज थांबला. मला वाटलं, ठसका लागला असेल. मी तिरप्या डोळ्याने पाहिलं. हात जोडलेले, ओठ मिटलेले. पाचव्याला ती पुन्हा म्हणायला लागली. त्याच्या पुढच्या रविवारी तसंच. आणि तेव्हापासून दर रविवारी. आयुष्यात बहुधा एकदाच ती खोटं बोलली, माझ्यासाठी, आणि आता ती ते शील घेत नाही.

मी तिला काही विचारलेलं नाही. गुहेत काय पाहिलं तेही नाही. ते अकोल्याच्या एका बाईला ठाऊक आहे, मला नाही.

मी सगळी पाचही शीलं म्हणतो. कालव्याच्या या काठावरून त्या काठाला हाका मारून माझा आवाज मोठा झालेला आहे, लोक म्हणतात, साहेबांमुळे वंदनेला जोर येतो. चौथ्याला मी तो आणखी थोडा चढवतो, म्हणजे शेजारी कोणी गप्प आहे हे मागच्यांच्या लक्षात येत नाही. परवा रविवार आहे. परवाही चढवीन.