सुटं टोक

ढवळूची टोपली ओळखायची तर एकच खूण: कुठंही सुटं टोक सापडायचं नाही. मोखाड्याच्या बाजारात कुणी दुसऱ्याची टोपली त्याच्या नावावर खपवली, तर हा बाबा चारचौघांत तिची लोंबणारी बांबूची कामटी ओढून दाखवायचा. सूर्यमाळच्या पाड्यावर असला खवट माणूस दुसरा नाही!

त्याची लेक योगिता मुंबईत जंतूंचा अभ्यास करते. परीक्षेला तिला एका प्रथिनाची प्रतिकृती दाखवायची होती. मोबाइलवर चित्र घेऊन ती बापाकडेच आली. "बाबा, अशी चार विणून दे. माझ्या थर्माकोलच्या विषाणूला अडकवायचीत."

ढवळूनं चित्र उलटं धरलं, सुलटं धरलं. मुठीसारखी वाकलेली वीण, तिच्या पोटात पिळाचं वेटोळं, एका अंगाला लोंबणारं शेपूट. ना टोपली, ना सूप. ना शेंडा, ना बुडखा.

"हे सापडतं कुठं?"

"जंतूंच्या पोटात. आपल्यात असतं ते ठाऊक होतं, आता जंतूंतही निघालं. विषाणू आत शिरून पिल्लं घालायला लागला, की जंतू हे त्या पिल्लांना चिकटवतो. मग ती दुसऱ्या जंतूत शिरू शकत नाहीत."

"म्हंजे जंतूपण आजारी पडतो?"

"पडतो की."

"मंग आपण कोणाच्या बाजूनं?"

चुलीपाशी बसलेली त्याची बायको तानी खदखदून हसली.

योगितानं पुढं सांगितलं, की आधी जंतूतलीच एक कातरी याचं जादा टोक छाटते, मगच ते कामाला येतं. बाकी सगळं ढवळूच्या डोक्यावरून गेलं होतं, पण हे मात्र एकदम पटलं. जादा टोक छाटायचं! जंतू शहाणाच म्हणायचा.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, निघायच्या वेळी, योगितानं विणलेली चारही हातात घेतली. फिरवून फिरवून पाहिली.

"बाबा, शेपटं कुठंयत?"

"छाटली. काम साफ पायजे."

योगितानं मोबाइलवरचं चित्र त्याच्यापुढं धरलं. "कातरी शेपटाच्या पुढचं छाटते रे बाबा! शेपटानंच तर ते दुसऱ्याला धरतं. आता हे चिकटणार कशानं? उद्या काय दाखवू मी?" आणि ती रडायलाच लागली.

ढवळूचं तोंड उतरलं. जन्मभर ज्याला गचाळपणा म्हटलं, त्याच्यावरच सगळं अडलेलं? त्याला काही केल्या उमगेना. पण लेक रडत होती, तेवढं समजत होतं. त्यानं कोयता घेतला, ओल्या कामट्या तासल्या आणि एकेका विणीत खोचल्या. टोक दुमडायला हात आपोआप जायचा, आणि तानी त्याच्या मनगटावर चापट मारायची. "ऱ्हाऊ दे तसंच!"

तीन शेपटं विषाणूला पक्की बसली. चौथं योगितानं मुद्दाम सुटं ठेवलं, चिकटण्याआधी कसं असतं ते दाखवायला.

एसटी सुटेपर्यंत ढवळू खिडकीपाशी उभा होता. त्याची नजर पिशवीतून बाहेर आलेल्या त्या एका शेपटावरून हलेना. शेवटी त्यानं खिडकीची दांडी धरली.

"योगे, तिथल्या सायबांना एक सांगशील? म्हणावं, माझ्या बापाला टोक दुमडता येतं."