आंबेनळी घाटात, प्रमिलाताईंशी बोलताना

प्रमिलाताई गेल्या तेव्हा मी त्यांच्याशीच बोलत होते.

मी आंबेनळी घाटात, सायकलवर. त्या नवी मुंबईत, मुलाच्या फ्लॅटमध्ये, अंथरुणावर.

आज वर्ष झालं. हे मी कुणालाच नीट सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

नवऱ्याची बदली झाली आणि आम्ही सोलापूरहून महाडला आलो. तो एमआयडीसीत, शिफ्ट ड्युटी. मला इथे कुणीच ओळखीचं नव्हतं. भाजीवाली सोडली तर दिवस दिवस कुणाशी बोलणं व्हायचं नाही.

म्हणून सायकल घेतली. सकाळी घराबाहेर पडायला काहीतरी निमित्त.

एकदा पाचाडच्या रस्त्याला, चढावर धापा टाकत उभी होते. मागून एक बाई आल्या. साठीच्या. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गुंडाळलेली, डोक्यावर हेल्मेट.

"दमलीस काय गो?"

"हो."

"बस परत. हळू मार, पण मारत रहा. उभी राहिलीस की पाय ऐकत नाय."

त्या प्रमिलाताई.

सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेला. मुलगा अमोल नोकरीला नवी मुंबईत. त्याची कॉलेजातली गिअरची सायकल पडवीत धूळ खात होती. ताईंनी सीट खाली करून घेतली आणि चालवायला लागल्या. बस, एवढंच.

मग आमचा रविवार ठरून गेला. महाडहून हायवेने पोलादपूर, ट्रक चुकवत. पोलादपूरला डावीकडे वळलं की हायवेचा आवाज मागे पडायचा. कापडे, मग रानबाजिऱ्याचं धरण, मग नुसतं जंगल आणि वळणं. प्रतापगडाच्या फाट्यावर चहा, की परत. पावसात दरड आली की घाट बंद, तेव्हा पाचाड.

पोलादपूरला एका टपरीवर कुणीतरी त्यांना विचारलं होतं, "या वयात सायकल? पोरंबाळं नाय काय, मावशी?"

"हाय ना एक. तो येत नाय, म्हणून मीच फिरते."

हसत म्हणाल्या. मी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या टायरमधली हवा बघत होत्या.

चढावर ताई सतत बोलायच्या. वॉर्डातले पेशंट, माहेरचं गाव, नवऱ्याचा तापट स्वभाव. एवढा दम कुठून आणायच्या माहीत नाही. मी फक्त 'हं' म्हणायचे.

पण महाडला आल्यापासून माझ्याशी एवढं कुणीच बोललं नव्हतं.

मग त्यांचं पोट दुखायला लागलं. नर्सच त्या. रिपोर्ट यायच्या आधीच म्हणाल्या, "मला कळलंय काय हाय ते."

अमोल येऊन त्यांना घेऊन गेला.

मी जायचं बंद केलं. एका रविवारी त्यांचाच फोन आला.

"घरी हायस? का गो?"

"एकटीला नको वाटतं."

"मग मला घेऊन जा. घाटातनं फोन लाव. इथं खिडकीतनं समोरच्यांची खिडकी दिसते. दुसरं काय नाय."

तेव्हापासून दर रविवारी एका कानात इअरफोन, फोन खिशात.

कुठं पोचलीस? धरणात पाणी किती हाय? माकडं बसलीत काय कठड्यावर?

मी सांगायचे. जन्मात एवढं बोलले नव्हते. वळणावर रेंज जायची, फोन कट व्हायचा, पुढे आली की परत लावायचे. त्या वाट बघत असायच्या.

हळूहळू प्रश्न कमी झाले. नंतर नुसतं 'हं'.

मग एका रविवारी फोन अमोलने उचलला.

"ताई, आईला बोलवत नाहीये. पण ऐकतेय. तुम्ही बोला. मी फोन उशीपाशी ठेवतो."

बोलले. कापड्याला शाळेसमोर नवीन डांबर पडलंय. धरणावर धुकं आहे. एक म्हैस रस्त्यात बसलीय, ट्रकवाला हॉर्न देतोय, ती ढिम्म. मध्ये दोनदा फोन कट झाला. दोन्ही वेळा अमोलने उचलला, "हं, बोला" म्हणाला. मी बोलत राहिले. महाडला आले तेव्हा किती एकटी होते, तेही सांगितलं. समोर असत्या तर नसतं सांगितलं.

फाट्यावर उतरले.

"ताई, पोचले वर."

मग अमोलचा आवाज.

"ताई... आई गेली."

"कधी?"

"मगाशीच. तुम्ही बोलत होतात. मला फोन बंद करवला नाही."

चहावाल्याने सवयीने ग्लास समोर ठेवला. "मावशी आज पण नाय?"

नाही म्हटलं. चहा प्यायले.

मग तो सगळा घाट एकटीने उतरले. डोळ्यांत पाणी असलं की वळण दिसत नाही, म्हणून मध्ये मध्ये थांबत.

दिवसकार्य झाल्यावर अमोल घर बंद करायला महाडला आला. म्हणाला, "आई सायकल चालवते एवढंच माहीत होतं. कुठे जायची, ते तुमच्या फोनवरून कळलं."

सायकल देत होता मला. मी नको म्हटलं. त्याने ती गाडीच्या टपावर बांधली. गाडी हायवेला लागेपर्यंत मी रस्त्यात उभी होते.

आज सकाळी निघताना नवऱ्याने विचारलं, "एकटीच?"

"हो."

रानबाजिऱ्याच्या पुढे कुणी नव्हतं. 'धरण भरलंय' असं मोठ्याने म्हणून बघितलं. माझाच आवाज मला परका वाटला. पुढे गप्प बसून चढले.

मी नक्की कुठल्या वळणावर असताना त्या गेल्या, हे मी अमोलला कधी विचारलं नाही. विचारणारही नाही.

कळलं, तर माझी सायकल तिथून पुढे जायची नाही.

ताई, निवांत राहा.

येते मी.