मामांचे तिखट कान

अख्ख्या रत्नागिरीत आपल्याइतके तिखट कान कुणाचे नाहीत, अशी खात्री बाळगून असलेला ठार बहिरा माणूस एकच, आणि देवाने तो नेमका माझा मामेसासरा करून ठेवला. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात मामांनी उभा जन्म कंप्रेसरपाशी काढला. त्या धडधडाटात बोलणं सगळं हाताच्या खुणांनी आणि ओठांवरून. ती सवय अशी मुरली, की समोर तोंड दिसलं की मामा तुमचं वाक्य संपायच्या आत उत्तर देतात. पाठ फिरली की मात्र कुकर शिट्ट्या मारून मारून थकतो, डाळीचा कोळसा होतो, आणि मामा शेजारीच निवांत पेपर वाचत असतात. मी ओरडलो की उलट मलाच, "जावईबुवा, बोंबलताय कशाला? मी काय बहिरा हाय?"

नुकसानभरपाईचा दावा लावला तो मामींच्या हट्टाने. पैसे आले की कानाची यंत्रं घ्यायची आणि नवऱ्याला मागून हाक मारायची, एवढीच त्या माउलीची हौस. मालक म्हणे, कान म्हातारपणाने गेले. मग ते किती गेले नि कशाने, हे ठरवायला इस्पितळात तपासणी ठरली. आवाज आला की बटण दाबायचं. रिक्षात सगळी वाट मी घसा फोडून बजावलं, "मामा, ऐकू आलं तरच दाबा!"

काचेच्या खोलीत मामा बसले, आणि दर आवाजाला बटण! कान तरण्या पोराचे! मी कपाळ बडवून घेतलं. मग दिसलं, आवाज सोडताना तपासणाऱ्या बाईंचा खांदा जरासा हलायचा आणि मामा काचेतून तेवढंच टिपत होते. कारखान्यात खुणेला उत्तर द्यायला उशीर झाला तर कुणाचा तरी हात जायचा. हा माणूस उत्तर दिल्याशिवाय राहील कशाला?

"अहो मामा, इथे नापास व्हायचंय!" मी किंचाळलो.

"नापास? मी?" मामा चांगलेच दुखावले.

शेवटी बाईंनी त्यांची खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्या आवाज वाढवत गेल्या, माझ्याकडे बघून मान हलवत. मामांचा अंगठा बटणावर अगदी तयारीत होता. तो हलला नाही. दावा टिकणार म्हणून मला आनंद व्हायला हवा होता, पण मला रडूच फुटायला लागलं.

बाईंनी आत जाऊन खांद्यावर हात ठेवला तेव्हा मामा वळले.

"काय ओ बाय, सुरू कधी करताय?"

मी पटकन तोंड फिरवलं. समोर चेहरा दिसला असता, तर त्यांनी सगळं ऐकलं असतं.