पुढे पळवायचं बटण नसलेला टेप

एकही गाणं न गाजता जगभरची मैदानं भरून टाकणारे रॉक बँड असतात, हे सोलापुरातल्या ज्या एकमेव माणसाला ठाऊक होतं आणि ते दुसऱ्याला पटवल्याशिवाय ज्याला जेवण जात नव्हतं, तो नेमका आमच्या समोर राहायला होता. आम्ही त्यांना समोरचे काका म्हणत असू. चादरीच्या कारखान्यात मागाला नक्षी सांगणारी भोकाभोकांची कार्डं पाडण्यात त्यांचं आयुष्य गेलं. टॉवेलची ऑर्डर द्यायला आलेला कुणी परदेशी साहेब असल्या बँडच्या कॅसेटींची पिशवी तिथे विसरून गेला आणि ती ह्यांच्या पदरात पडली. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, इंग्रजीच्या नावाने पूज्य. तरी शिकल्यासवरल्या प्रत्येकाला पकडून त्यांनी कॅसेटींवरचं अक्षरन् अक्षर वाचून घेतलं होतं. वेष्टनावरच्या या दाढीवाल्यांचं गाणं रेडिओवर कधी लागलं नाही, कारण वीस मिनिटांचं गाणं दोन जाहिरातींच्या मध्ये बसणार कसं, असं ते कळवळून सांगत. त्यातलं चांगलं गाणं तेवढं लावा, असं मी एकदा म्हणालो. काकांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"एक कार्ड बघून चादरीवरचा मोर दिसतंय व्हय? सगळी कार्डं फिरली की मोर उभारतंय."

कुणी गाणी पळवू नयेत म्हणून टेपचं पुढे पळवायचं बटण त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घालून उपटूनच टाकलं होतं. तिथल्या भोकात काकू सुईदोरा ठेवत. एका वर्षी गल्लीच्या मंडळाने मिरवणुकीच्या स्पीकरचं काम चुकून काकांकडे दिलं. गाण्यात पहिला ढोल वाजायला अकरा मिनिटं लागली, तोवर नाचणारे कंटाळून पुढच्या चौकातल्या मंडळात जाऊन नाचू लागले होते. काका मात्र आपल्या गणपतीशेजारी मान डोलवत उभे. पुन्हा त्यांना कुणी काही वाजवायला सांगितलं नाही, आणि त्याचं त्यांना फारसं वाईटही वाटलं नाही, कारण ऐकणारं माणूस घरात होतं.

दर रविवारी सकाळी काकू मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसत आणि काका टेप लावत. पहिली बाजू संपली की काकू सूप खाली ठेवून कॅसेट उलटत आणि पुन्हा वळायला लागत. हे तीसेक वर्षं चाललं. तुम्हाला आवडतं का हो हे, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं. पण हे एकटे कसं ऐकणार की."

काकू गेल्या. महिन्याभराने काका दारात येऊन उभे राहिले आणि रविवारी याल का म्हणाले. पुरं ऐकायचं, एवढीच अट. मी चार-पाच रविवार गेलो. पण पहिली बाजू संपायच्या आतच मला कधी दूध आठवे, कधी गॅसवाला. मी उठलो की ते पहिल्यांदा "कूर्चोंडी," म्हणत, म्हणजे बसा. मग खाली बघत म्हणत, "ऱ्हाऊ द्या. कामं असतात की." मी सुटलो म्हणून बाहेर पडत असे. आज त्याची लाज वाटते.

यंदा उन्हाळ्यात काकाही गेले. दहाव्याला त्यांच्या मुलीला फोटोपुढे त्यांचं आवडतं गाणं लावायचं होतं. कुठलं ते कुणालाच सांगता येईना. रविवारी जाणारा म्हणून तिने मला विचारलं, तेव्हा मी नुसतं टेपकडे बोट दाखवलं. तिने टेप उघडला. कॅसेट पहिल्या बाजूच्या शेवटाला थांबलेली होती.

"आई गेल्यापासनं हितंच थांबायचे," ती म्हणाली. "उलटायचं काम तिचं हाय म्हणायचे. कुणी पुरं बसलं तर त्याला उलटायला सांगतो, म्हणायचे."

मी कॅसेट उलटली आणि बटण दाबलं. दहा मिनिटांत माणसं एकेक करून उठली, मुलगी पाहुण्यांना चहा द्यायला आत गेली. मोर मला दिसला असं खोटं कशाला सांगू. दुसरी बाजू मी पुरी ऐकली आणि बटण खटकन वर आलं. मला कुठलीच घाई नव्हती, आणि बसा म्हणणारं तिथे कुणी नव्हतं.