गेडिसांच्या दारावरची ढाल

गेडिससाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका उमरावाची समजूत काढत होते. समजूत कसली, चक्क ‘नाही’ म्हणत होते. उमरावाला आजोबांच्या ढालीवरचा सिंह जसाच्या तसा आपल्या दारावर हवा होता.

“तो सिंह तुमच्या थोरल्या भावाकडे गेला,” साहेब म्हणाले. “तुम्हालाही मिळेल, पण भोवती काठ घालून.”

“अहो, घराण्याची ढाल आहे!”

“आपल्या देशात घराण्याला ढाल नसते, माणसाला असते. एका वेळी एकालाच.”

उमराव पाय आपटत गेला. एडिंबरोच्या त्या कचेरीत मी ढाली रंगवायला नवीनच लागले होते. मनात म्हटलं, मोराग, या माणसाशी आपलं एक तर छान जमेल, नाहीतर अजिबात जमणार नाही. पुढे दोन्ही खरं ठरलं.

त्यांचा हुद्दा लायन, म्हणजे सिंह. राजाच्या सगळ्या भालदारांचा मुख्य. फार पूर्वी हा माणूस राज्याभिषेकाला राजाची वंशावळ तोंडपाठ म्हणायचा आणि लढाईत शत्रूच्या छावणीत निरोप घेऊन एकटा जायचा. त्याच्या अंगाला हात लावणं म्हणजे राजद्रोह. रागाच्या भरात एक ठोसा लगावला म्हणून एक सरदार जहागीर घालवून बसला होता. आता छावण्या उरल्या नाहीत. लायन नव्या ढाली देतो आणि राजाच्या घोषणा शहराच्या जुन्या चौथऱ्यावरून खड्या आवाजात वाचतो. त्याही लंडनात वाचून झाल्यावर तीन दिवस थांबून, कारण तिथून घोडेस्वाराला यायला तेवढा वेळ लागायचा. आगगाडी आली, रेडिओ आला, आमचा घोडा अजून वाटेतच आहे. शिवाय लायन न्यायाधीशही असतो. हक्क नसताना कुणी ढाल मिरवली की समन्स, आणि निकाल लागला की ती पुसायची नाहीतर फोडायची.

आणि एवढा तालेवार हुद्देदार होता क्रेलहेवनच्या पाववाल्याचा मुलगा. क्रेलहेवन म्हणजे समुद्राकाठचं, हेरिंग माशांच्या वासाचं गाव. तिथे त्यांच्या वडिलांचं, डॉड गेडिसचं, पावाचं दुकान होतं आणि दारावर एक रंगीत ढाल होती. निळ्या रंगावर गव्हाची सोनेरी पेंढी, खाली दोन मासे. कधीकाळी एका फिरत्या पाटी रंगवणाऱ्याने ‘ही तुमच्या गेडिसांची’ असं सांगून ती डॉडच्या गळ्यात मारली होती. निनियन, म्हणजे आमचे साहेब, लहानपणी त्या ढालीखाली उभा राहून तासन्‌तास वर बघायचा. हे सगळं वेड तिथूनच लागलं. एका रविवारी चर्चमध्ये जमीनदार बाल्मर्डींच्या थडग्यावर त्याला तीच पेंढी आणि तेच दोन मासे दिसले. धावत जाऊन त्याने बापाला सांगितलं. डॉड म्हणाला, “बघ, मोठी माणसंसुद्धा आपलंच उचलतात!”

पुढे एडिंबरोला येऊन शिकल्यावर कुणी कुणाचं उचललं हे मुलाला कळलंच. पण बाप हयात होता, मग बाप गेला, मग दुकान बहिणीकडे आलं. एफी त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं आणि स्वतः भट्टीपुढे भाजून निघत त्याला शिकवलं. तीस वर्षं साहेब सुट्टीला गावी जायचे आणि दारातून आत शिरताना मान खाली घालायचे. गाववाल्यांना वाटायचं, काय विनयी माणूस!

मग चौसष्ट साली वॉटी ट्वीडीचं प्रकरण आलं. हा बिअर गाळणारा नवश्रीमंत. कारखान्याच्या फाटकावर त्याने ढाल ठोकली होती, आणि तीत दोन रानडुकरं, एक किल्ला, असं हाताला लागेल ते भरलं होतं. त्याला समन्स गेलं. सुनावणीला ट्वीडी उभा राहिला आणि खिशातून एक फोटो काढून मेजावर ठेवला.

“माझी डुकरं उतरवतो, साहेब. आधी क्रेलहेवनला आपल्या बहिणीच्या दारावर कुणाचे मासे पोहतायत ते सांगा.”

न्यायालयात कुणी हसलं नाही, हेच वाईट. साहेबांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. त्यांनी फोटो पाहिला आणि म्हणाले, “ढाल बाल्मर्डींची आहे. माझ्या बहिणीला तिचा हक्क नाही. शनिवारपर्यंत ती पुसली जाईल. तुमची सुनावणी त्यानंतर.”

बाहेर आल्यावर आमच्या न्यायालयाचे वकील, इम्रीसाहेब, कानाशी लागले. “गाजावाजा कशाला? अंधार पडल्यावर एखादा सुतार पाठवू. दुरुस्तीला नेली म्हणून सांगता येईल.”

“दिवसाढवळ्या टांगली होती,” साहेब म्हणाले, “दिवसाढवळ्याच पुसली जाईल. मोराग, काळा रंग आणि रुंद ब्रश घे. तुला माझ्याबरोबर यायचंय.”

मला त्यांचा राग आला. अगदी मनापासून आला. ट्वीडीसारख्या माणसापुढे ताठ मान ठेवायची म्हणून सख्ख्या बहिणीच्या दाराला काळं फासायचं? बसमध्ये मी तोंड फुगवून बसले. त्यांच्या मांडीवर एक मोठी पेटी होती. तिच्यात त्यांचा मखमली झगा होता, पुढून-मागून सिंह भरलेला, राजदरबारी घालायचा.

“तो कशाला?” मी शेवटी विचारलं.

“साध्या कोटात गेलो तर बहिणीशी भांडायला आलेला भाऊ वाटेन. हे काम भावाचं नाही.”

शनिवार म्हणजे बाजाराचा दिवस. धर्मशाळेसारख्या एका खानावळीत झगा चढवून साहेब रस्त्यावर आले आणि सगळा बाजार थबकला. मासे विकणारी एक बाई ओरडली, “अगं बाई, पत्त्यातला राजा सुटलाय!” पोरांनी टाळ्या पिटल्या. साहेब तसेच चालत राहिले.

एफी दारात उभी होती. ट्वीडीने गावभर बभ्रा केलाच होता. तिच्या हातात भट्टीत पाव सारायचं लांब दांड्याचं फळकूट होतं.

“एफीताई, शिडी दे.”

“शिडी नाही मिळायची. घरी जा, निनियन. तो झगा घालून उन्हात चक्कर येईल.”

“ही ढाल आपली नाही.”

“बाबांची आहे! मरून तीस वर्षं झालेल्या माणसाला आज चोर ठरवायला आलास? याच ढालीखाली बसून पाव खाल्लेस ना रे तू?”

“खाल्ले. म्हणूनच मी आलो. दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही.”

त्यांनी समोरच्या नावाड्याकडून शिडी मागून घेतली आणि भिंतीला लावली. तशी एफीने ते फळकूट उचललं आणि त्यांच्या पाठीत एक सणसणीत ठेवून दिलं. झग्यातून पीठ उडालं. मासेवाली दोन पावलं मागे सरली. त्या जुन्या सरदाराची गोष्ट गावात शाळकरी पोरांनाही ठाऊक होती.

एफीने फळकूट खाली टाकलं. “काय ते राजद्रोह म्हणतात ना? घाल आता तुरुंगात!”

साहेबांनी पाठ चोळली. “लायनला मारलं असतंस तर घातलं असतं. हा मार भावाला होता. भावाला मारायला बहिणीला कुठल्या कायद्याची आडकाठी?”

आणि ते शिडी चढू लागले. साठीचा माणूस, अंगावर मखमलीचं ओझं, हातात रंगाचा डबा. वरच्या पायरीवर शिडी डुगडुगली. मी धावले, पण माझ्याआधी एफी पोचली होती. तिने दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली.

“पडलास तर उस्तवारी मलाच करावी लागेल,” ती वर न बघता म्हणाली. तिचे डोळे वाहत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

आधी मासे गेले, मग पेंढी. साहेबांनी ब्रश फार सावकाश चालवला. खाली उतरले तेव्हा त्यांच्या गालावर काळे ओघळ होते. सगळेच रंगाचे होते असं मी म्हणणार नाही. माझा राग केव्हा गेला ते मला कळलंही नाही.

“ताई, तू अर्ज कर. तुला तुझी स्वतःची ढाल मिळेल. बायकांनाही मिळते. निकाल मी देणार नाही, दुसरा कुणी देईल.”

“बाबांची पुसून माझी लावू? राहू दे काळीच.”

सोमवारी ट्वीडीच्या फाटकावर फक्त खिळ्यांची भोकं उरली होती. सुनावणीची वेळच आली नाही. दुकानाला मात्र लोक ‘काळी ढाल’ म्हणू लागले आणि पाव घ्यायला लांबून येऊ लागले. एफी वर्षभर भावाशी बोलली नाही. दर आठवड्याला कचेरीत पावाचं पुडकं यायचं, आत चिठ्ठी नसायची. साहेब पुडकं हुंगायचे आणि कामाला लागायचे.

निवृत्त झाल्यावर ते त्याच दुकानाच्या माडीवर राहायला गेले. आता दारातून शिरताना मान खाली घालत नव्हते. दोघं भावंडं सकाळ-संध्याकाळ भांडत. तिथेच एका हिवाळ्यात साहेब गेले.

आमच्याकडे ढाल असलेला माणूस गेला की ती चौकोनी फळीवर रंगवून, फळी कोनावर उभी करून, त्याच्या घराच्या दारावर लावतात. वर्षभर. मग उतरवायची, कारण माणूस गेला की ढालही त्याच्यापुरती संपली. साहेबांची फळी मी रंगवली. त्यांच्या ढालीवर एक साधा समुद्रपक्षी होता. गव्हाची पेंढी त्यांनी कधी मागितली नव्हती. एफीने ती फळी काळ्या ढालीच्या बरोबर वर लावून घेतली. रोज सकाळी दुकान उघडताना ती वर बघायची, असं शेजारी सांगत.

वर्ष सरलं त्या दिवशी मी बसने क्रेलहेवनला गेले. ऐंशी ओलांडलेल्या बाईला ‘आता उतरवा’ कसं सांगायचं, याची मी वाटभर उजळणी करत होते. पोचले तर शिडी आधीच भिंतीला लावलेली आणि एफी दुसऱ्या पायरीवर.

“एफीताई, खाली या! अहो, राहू द्या अजून उन्हाळ्यापर्यंत. लांबचं गाव, इथे कोण बघतंय?”

तिने वरूनच माझ्याकडे असं पाहिलं, की त्या उमरावाला ‘नाही’ म्हणणारे साहेब मला आठवले.

“कोण बघतंय, कोण बघतंय म्हणतच बाबांची तीस वर्षं राहिली,” ती म्हणाली. “आणि माझ्या भावाने तीस वर्षं मान खाली घातली. शिडी धर.”

मी शिडी धरली.